डाव्या इंजिनाची फेरी

सोसायटीच्या फळ्यावरची नोटीस माधव खासनिसांनी तीनदा वाचली. 'जी वाहने येत्या रविवारी सकाळी दहा वाजता स्वतःच्या इंजिनाच्या बळावर इमारतीस एक पूर्ण फेरी मारू शकणार नाहीत, ती भंगार समजून उचलण्यात येतील.' खाली सेक्रेटरी वैजनाथराव मुळे यांची सही. 'वाहने' असं भारदस्त अनेकवचन घातलं असलं, तरी सोसायटीत बंद वाहन एकच होतं, खासनिसांची जुनी फियाट.

मुळ्यांचा कागदावर फार जीव. टाकी गळतेय म्हणून सांगायला जावं, तर पाणी जिन्यावरून वाहत असतानाही ते म्हणत, "लेखी अर्ज द्या. दोन प्रती." त्यांनी नुकतीच एक लांबलचक गाडी घेतली होती. पार्किंगच्या अरुंद बोळातून ती मागे काढायला त्यांना रोज वीस मिनिटं आणि एक वॉचमन लागे. "तुमचं ते खोकं हललं की मला वळायला जागा होईल," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

खासनिसांना ते फार लागलं. लग्नानंतर शैलाताईंना त्यांनी याच गाडीतून घरी आणलं होतं. इंजिन तडकून वर्ष झालं होतं, पण गाडी भंगारात जाणार हे काही त्यांना सोसवेना.

"दुसरं इंजिन बसवायचं," त्यांनी जाहीर केलं.

माणूस खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं ड्रॉइंगच्या टेबलाशी वाकलेला. त्यांनी आधी बत्तीस मापांची यादी केली, मग त्या यादीवरून तीन इंजिनं निवडली. मिस्त्री रंगराव ती एकेक करून आणत होता आणि परत नेत होता. पहिल्याचा तळ खालच्या लोखंडी पट्टीवर टेकला. दुसऱ्याचा पंखा रेडिएटरमध्ये घुसला. तिसरं सगळीकडे बसलं, पण बॉनेट मिटेना.

"काका, गाडीत इंजिन बसवायचंय का इंजिनावर गाडी?" रंगरावाने घाम पुसत विचारलं.

शैलाताई हे सगळं चहा पीत बघत होत्या. आता त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अहो, ब्लाउजपीस घ्यायला जाताना साडी घरी ठेवून जातं का कुणी? इंजिन जिथे जोडायचं ते गिअरबॉक्सचं तोंड कागदावर उतरवून द्या मला."

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर ते तोंड उतरवलं गेलं, बोल्टच्या भोकांसकट. तो कागद घेऊन शैलाताई रंगरावाबरोबर जुन्या बाजारात गेल्या आणि लक्ष्मी रोडवर फॉल-पिको करून घेताना बोलाव्यात तशाच बोलू लागल्या. "हे नको, जरा बुटकं आहे. हे अंगावर येतं. तो मागचा दाखवा." कुणाशीही दोन शब्द न बोलणाऱ्या दुकानदाराने त्यांच्यासाठी अकरा इंजिनं ओढून काढली. बाराव्यावर कागद ठेवला आणि भोकावर भोक बसलं.

"बोटीचं आहे, ताई," दुकानदार म्हणाला. "दोन होती, डावं आणि उजवं. उजवं गेलं, हे डावं राहिलंय."

"डावं-उजवं चपलेत असतं. गाडीत चालेल ना?"

"चालेल? पळेल!"

घरी खासनिसांनी बत्तीसच्या बत्तीस मापं घेतली. सगळी जुळली. आनंदाने त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला.

रविवारी साडेनऊला शेवटचा बोल्ट बसला. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. खासनीस स्टिअरिंगवर, शेजारी शैलाताई. त्यांनी पहिला गिअर टाकला, अलगद क्लच सोडला आणि गाडी मोठ्या डौलात मागे गेली. मुळ्यांची क्रोटनची कुंडी फुटली. दुसरा गिअर टाकला, तर ती आणखी जोरात मागे गेली.

रंगराव वाकून पंख्याकडे बघत राहिला. "काका, ह्ये उलटं फिरतंय! बोटीत दोन इंजिनं एकमेकांच्या उलट फिरवत्यात. आपल्याला नेमकं उलटं घावलंय."

"मग रिव्हर्स टाका, म्हणजे पुढे जाईल," शैलाताई म्हणाल्या.

खासनिसांनी रिव्हर्स टाकला. नुसती खरखर झाली. त्याच बोळातून तीस वर्षं गाडी मागे काढून काढून रिव्हर्सचे दात कधीच झिजले होते.

"मागच्या चाकांस्नी फिरवणारा डिफरन्शियल खोलून उलटा बसवला की सरळ पळंल," रंगराव म्हणाला. "पर चार दिस लागतील."

दहाला दहा कमी होते. मुळे भंगारवाल्याला घेऊन फळ्यापाशी उभेच होते. खासनिसांनी मांडीवरच्या यादीकडे पाहिलं. त्यांचा आवाज पार उतरला होता.

"बत्तीस मापं घेतली, शैला. फिरण्याची दिशा तेवढी राहिली."

शैलाताईंनी फळ्याकडे नजर टाकली. "त्यांच्या नोटिशीत तरी कुठे आहे?"

खासनिसांनी मांडीवरची यादी मागच्या सीटवर टाकली. मग त्यांनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, डावा शैलाताईंच्या सीटमागे टाकला, मान वळवली आणि गाडी सोडली. मुळ्यांची लांबलचक गाडी आणि भिंत यांच्यामधून, दोन्हीकडे जेमतेम चार बोटं ठेवून, फियाट त्या बोळातून सुळकन बाहेर आली. कोपऱ्यावर त्यांनी दुसरा गिअर टाकला, पाण्याच्या टाकीपाशी चक्क तिसरा. गॅलऱ्या भरल्या. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. शैलाताई सगळ्यांकडे बघून हात हलवत होत्या. फेरी पूर्ण करून गाडी बरोबर फळ्यासमोर थांबली तेव्हा दहाला चार मिनिटं होती.

"खासनीस, गाडी उलटी चालली!" मुळे ओरडले.

"फेरी पूर्ण झाली. सुलटी मारावी असं कुठे लिहिलंय, तेवढं दाखवा."

मुळ्यांनी स्वतःची नोटीस तीनदा वाचली. भंगारवाल्यानेही वाचली. "साहेब, कागद काकांच्या बाजूनं आहे," असं म्हणून तो रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला.

संध्याकाळी खासनिसांच्या दारावरची बेल वाजली. दारात मुळे उभे होते.

"माधवराव," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्या बोळातून मागे... म्हणजे, इतक्या सफाईने... मला जरा शिकवाल का? रोज त्या वॉचमनसमोर फार लाज वाटते हो."

खासनीस मनाने हळवे. ते लगेच हो म्हणणार, तोच स्वयंपाकघरातून शैलाताईंचा आवाज आला.

"लेखी अर्ज द्यायला सांगा. दोन प्रती."

मुळ्यांनी निमूटपणे खिशात हात घातला आणि दोन्ही प्रती काढून टेबलावर ठेवल्या.