गाय म्हणता घोडा आडवा आला, त्या झुंजीची हकीकत

जिव्हेवर सरस्वतीचा वास खरा, परंतु तिचे दारी शब्दांची भाऊबंदकीही फार. येविशी वलंदेज, म्हणजे डच, मुलुखी वाल नदीचे काठी जे रण माजले, ते आम्ही दाराआडून पाहिले तैसे लिहितो.

तेथील विद्यापीठी भाषाशास्त्राचे गादीचे धनी सकलविद्यामंडित विग्बोल्ट ताल्मा. त्यांची शिष्या हिल्के बोनेमा, फ्रीसलंडचे गवळ्याची लेक. तिणे बहुत श्रमे सिद्ध केले जे, चित्र गाईचे आणि त्यावर अक्षरे 'घोडा' ऐशी असता मनुष्य गाय म्हणावयास अडखळतो. आणि तेथे 'छत्री' लिहिली असता तितका अडखळत नाही. कारण छत्री परकी, आणि घोडा घरचा भाऊबंद, तोच गादीवर दावा सांगतो. प्रबंध मान्य जाहल्यास पदवी, न जाहल्यास बापाचे गोठ्यात परत, ऐसा प्रसंग.

परंतु ताल्मासाहेबी हुकूम फर्माविला जे, अडखळली ती अर्धवट झोपेतली पोरे. शिकल्या मनास ही बाधा होत नाही. सबब मोहीम नव्याने करावी.

तेव्हा हिल्के, त्या मुलुखीचे दस्तुराप्रमाणे धन्यास नुसत्या नावाने पुकारून, म्हणाली, "विग्बोल्ट, मग तुम्हीच बसा की खुर्चीत. घाबरता का?"

"मी घाबरतो? अगं, तुझ्या जन्माआधीपासून हेच शिकवतोय मी!"

मग साहेब कॉफी रिचवून, बाह्या सारून काचेचे कोठडीत दाखल जाहले, आणि मुखासमोर माईक तोफेसारखा रोविला, आणि पडदा उजळला. पलंगाचे चित्रावर 'मासा' लिहून आला, तो साहेबी लीलया कापिला. मग गाय आली, कपाळी 'घोडा' मिरवीत. साहेब "घो—" ऐसे गर्जले, मग खाकरले, आणि मग गाय निघाली ती जखमी सरदारासारखी लंगडत. मग चमच्यावर 'काटा' आला.

"का… चमचा! हा माईक बिघडलाय!"

"माईक ठणठणीत आहे. पुढचं बघा."

दारी हशा पिकला. मग कोल्ह्यावर 'लांडगा' येता साहेबी ओठच आवळिले, आणि चित्र निघून गेले तरी शब्द निघेना.

साहेब बाहेर आले ते घामाघूम. हिल्केचा रंग उतरला. धन्याची फजिती करून पदवी कोणास मिळाली आहे? ती हळूच म्हणाली, "हे मोजणीत धरत नाही मी. पुसून टाकते."

साहेबी कपाळीचा घाम पुशिला.

"पुसलंस तर प्रबंधावर माझी सही विसर," मग ते म्हणाले. "मोजणीत धर माझे आकडे. आणि वयही लिही. परीक्षकांना कळू दे, म्हाताऱ्यांचीही दातखीळ बसते."

येणेप्रमाणे प्रबंध मान्य जाहला. साहेब वर्गात पूर्ववत गर्जतात, परंतु 'पोरे अडखळतात' हे सोडून 'आपण अडखळतो' ऐसे शिकवितात. हिल्के बोनेमा डॉक्टर जाहली, ही फत्ते दप्तरी रुजू असे.