दिसते तेवढंच सांगा

आमचे शेजारी मारोतरावजी प्रत्येक चित्रप्रदर्शनाला जातात, आणि कोणी चित्राचा अर्थ सांगायला लागलं की दोन्ही कानांत बोटं घालतात. भर सभागृहात, सगळ्यांसमोर.

त्यांचा उभा जन्म कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची अडत करण्यात गेला. तिथलीच बोली ते इथे लावतात. 'माल दाखव गा, कहाणी नको सांगू.' मग चित्रासमोर उभे राहून पाठ करतात, 'डाव्या बाजूले म्हैस. शिंगं लाल. मागं एक बाई, डोक्यावर टोपलं.' एका चित्रकारानं त्यांना गाठून सांगितलं, की ती म्हैस म्हणजे काळ आहे. यांनी विचारलं, दूध किती देते? तो बिचारा चहाला निघून गेला. मी सोबत असतो, कारण स्कूटर माझी आहे आणि तमाशा फुकटात पाहायला मिळतो.

हे सगळं पाठांतर त्यांच्या बायकोसाठी, कुसुमकाकूंसाठी. काकू शाळेत चित्रकला शिकवायच्या. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली, तेव्हापासून मारोतरावजी चित्रं तोंडी घरी आणतात. त्यात पदरचं काही घालायचं नाही, अर्थ माझा मी लावीन, असा काकूंचा दंडक आहे.

गेल्या रविवारी मात्र पंचाईत झाली. अख्ख्या प्रदर्शनात एकच भलंमोठं चित्र, आणि तेही या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं काळं. मारोतरावजींनी ते जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. चित्रकार अर्थ सांगू लागला, तरी यांची बोटं कानांत गेली नाहीत. उलट अजिजीनं विचारलं, 'दुसरं काहीच नाही काय गा याच्यात?' तो म्हणाला, अंधार हाच विषय आहे.

परतताना मी स्कूटर हळूच चालवली. काकूंना रोज दिसतं तेच आज त्यांच्यासाठी घरी न्यायचं होतं.

काकू दाराशीच बसल्या होत्या. 'काय होतं जी आज?'

मारोतरावजी बराच वेळ चपला काढत राहिले.

'बगीचा होता वं. संत्र्याचा. एक बाई झाडाखाली बसून चित्र काढून राहिली.'

'उजेड कुठून येऊन राहिला?'

मारोतरावजींनी माझ्याकडे पाहिलं.

'डावीकडून, काकू,' मी म्हणालो. 'सकाळचा.'

काकूंनी चाचपडत मारोतरावजींचा हात धरला.

'छान काढलं जी तुम्ही,' त्या म्हणाल्या.