जिवबा अस्वलाच्या उंच टाचा

मुलांनो, चुळबुळ थांबवा आणि ऐका. एका जंगलात जिवबा नावाचा एक अस्वल राहत होता. अंगाने आडदांड, केसाळ, आणि स्वभावाने इतका गरीब की पोळं काढण्याआधी मधमाश्यांची परवानगी मागायचा. कड्यावरचा मध काढून बाजारात विकायचा, हा त्याचा धंदा.

त्याच्या बायकोचं नाव सगुणा. बहिणीच्या लग्नासाठी तिने सुतारपक्ष्याकडून उंच टाचांच्या चपला करून घेतल्या होत्या. सागवानी टाच त्याने अशी काही कोरली होती की खडकावर चालताना टक टक असा गोड आवाज यायचा. पण लग्नात सगुणाचे पाय फार दुखले. घरी आल्यावर तिने चपला फळीवर टाकल्या आणि पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही.

एका सकाळी जिवबाने त्या सहज घालून पाहिल्या. पट्टे थोडे सैल केले आणि त्या बसल्या. मग त्या काढाव्यात असं त्याला वाटेना. त्यांच्यावर धोतर काही खुलेना, म्हणून त्याने सगुणाचं हिरवं, लाल काठाचं लुगडं नेसलं. तेही जमलं. धोतरालाही काष्टा आणि लुगड्यालाही काष्टा, त्यामुळे हात सवयीनेच फिरले.

सगुणा चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती.

"अहो, बाजारात असेच जाणार का?"

"जावंसं वाटतंय खरं."

"मग निऱ्या तरी नीट करा. लुगडं माझं आहे, लोक मला नावं ठेवतील." एवढं बोलून तिने उठून त्याच्या निऱ्या सारख्या केल्या.

बाजारात पहिल्यांदा कुणाला काही वावगं वाटलं नाही. हरणाला वाटलं, जिवबा नवस फेडतोय. त्याने लांबूनच हात जोडले. रेड्याला वाटलं, पैज हरला बिचारा. त्याने जिवबाच्या पाठीवर थाप मारली. रानडुकराने नाटक कधी आहे ते विचारलं. कारण जंगलाच्या नाटकात बगळा दरवर्षी राणी व्हायचा, आणि त्याने पदराने डोळे टिपले की खुद्द वाघालाही हुंदका यायचा.

जिवबा भोळा. तो प्रत्येकाला खरं तेच सांगत सुटला. नवस नाही, पैज नाही, नाटक तर नाहीच. आवडतं म्हणून नेसलं.

इथेच घोटाळा झाला बघा, मुलांनो. नवस चालतो. पैज चालते. नाटकाला तर टाळ्या पडतात. आवड मात्र कुणाच्याच पचनी पडेना.

त्या जंगलात एक नर-मर्यादा मंडळ होतं. शेषराव मोर त्याचे अध्यक्ष. ते नुकतेच सकाळचा साजशृंगार आटोपून निघाले होते. डोक्यावरचा तुरा विंचरलेला, गळ्याला निळी झळाळी. पिसारा मातीत लोळू नये म्हणून दोन मुंगूस तो मागून उचलून धरत होते. शेषरावांनी जिवबाला पाहिलं आणि त्यांना भोवळच आली. नराच्या जातीने नटावं म्हणजे काय, असं म्हणत ते मुंगसाच्या खांद्यावर टेकले.

तक्रार वाघाच्या दरबारात गेली. वाघ तसा शांत स्वभावाचा होता. दुपारची झोप मोडली नाही तर त्याचं कुणाशी वैर नव्हतं. पण शेषराव बोलायला लागले की थांबत नसत, आणि ते थांबावेत म्हणून वाघाने कायदा केला. कुठल्याही नराने टाच वर ठेवून चालायचं नाही. जो चालेल त्याला जंगलाबाहेर काढलं जाईल.

त्या जंगलात एक रीत होती. वाघाने कायदा गर्जून सांगायचा. गर्जना समोरच्या डोंगरावर आपटून परत आली की कायदा पक्का. मग तो वाघालाही मागे घेता येत नसे. ही गर्जना परत आली, आणि चांगली दोनदा आली.

जिवबा घरी जाऊन बसला. जंगल सोडायचं म्हणजे कडा सोडायचा. त्या कड्यावर त्याच्या बापाने मध काढला होता, आजोबाने काढला होता. शिवाय सगुणाचं माहेर इथलंच. त्याने लुगड्याची घडी घातली, चपला पुसून फळीवर ठेवल्या. त्याला फार वाईट वाटलं. सगुणाने पुढ्यात मध ठेवला, पण त्याने बोटसुद्धा लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तपासणी होती. सगळे नर रांगेत उभे राहिले. माद्या बघायला आल्या. पहिला नंबर जिवबाचा. तो अनवाणी आला आणि ओल्या मातीवरून चालला. पाऊल पुरं उमटलं, टाचेसकट. शेषरावांची जरा निराशाच झाली. मग वाघ म्हणाला की राजानेही कायदा पाळला पाहिजे, माझंही पाऊल बघा. आणि तो ऐटीत चालून गेला.

सगुणा खाली वाकून ते ठसे बघत होती.

"महाराज, तुमची टाच वर आहे," ती म्हणाली.

शेषराव तिच्यावर खेकसले. महाराज अनवाणी आहेत, दिसत नाही का, म्हणाले.

"दिसतंय की. पण ही नुसती बोटं उमटलीत. टाच ती तिथे, मागे, पाय वाकतो ना, ती." सगुणाने मोराच्या पायाकडे बोट दाखवलं. "आणि अध्यक्षांची तर सगळ्यांत उंच आहे. ते ज्याला गुडघा म्हणतात ना, तीच."

सगळ्यांनी माना वळवून आपापल्या मागच्या पायांकडे पाहिलं. खरंच होतं. वाघ, कोल्हा, हरीण, रेडा, सगळे जन्मापासून बोटांवर चालत होते. जिवबा आणि झाडावरची माकडं सोडली तर जंगलात एकाही नराची टाच जमिनीला लागत नव्हती. शेषरावांनी घाईघाईने सवलत मागितली. पण गर्जना परत आलेली होती.

तेव्हापासून नर टाच टेकवून चालायला लागले. तुम्हाला सोपं वाटेल, मुलांनो, तुमची टेकतेच. वाघाने टाच टेकवली की तो जवळजवळ बसतो. बसल्या बसल्या सरकत तो शिकारीला निघायचा. एक सशीण तर त्याच्यासाठी बराच वेळ थांबली. शेवटी घरी पिल्लं वाट बघत असतील असं सांगून निघून गेली. शेषराव नाचायला उभे राहिले आणि स्वतःच्याच पिसाऱ्यावर उताणे पडले.

मग एका दुपारी, सगळे पेंगत असताना, वाघ खुरडत जिवबाच्या गुहेत आला. पोट खपाटीला गेलेलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं की त्या चपला अजून आहेत का.

सगुणाने फळीवरून त्या काढून दिल्या. वाघाने मागचे पाय आत सरकवले आणि तो उभा राहिला. सागवानी टाच बरोबर त्याच्या टाचेखाली आली. जमिनीवर चप्पल, चपलेवर टाच. टेकली म्हणजे टेकलीच. चपलेवर टेकली तरी चालेल, अशी वाघाने तिथेच गर्जना केली आणि ती परत आली.

वाघाने स्वतःची जोडी करून घेतली आणि जिवबाची परत पाठवली. सुतारपक्ष्यांना मान वर करायला फुरसत मिळेना. बघता बघता सगळ्या नरांच्या पायात उंच टाचा आल्या. रेड्याने रुंद करून घेतल्या. शेषरावांना वीतभर उंच लागल्या, जरीचे पट्टे लागले, आणि एकेक घुंगरू, साप जवळ येऊ नये म्हणून. धोतराचे सोगे टाचेत अडकून दोघेतिघे तोंडावर आपटले, तेव्हा लुगडी आली. केवळ सुरक्षिततेसाठी. ही नटण्याची हौस नसून शिस्त आहे, असं मंडळाने सगळ्यांना समजावून सांगितलं.

जिवबाला आनंदाचं भरतं आलं. तोही आपल्या चपला घालून, हिरवं लुगडं नेसून बाजाराला निघाला. वाटेतच शेषरावांनी त्याला अडवलं. जिवबाची टाच आपसूक टेकते, मग त्याला चपलांची गरज काय? गरज नसताना घालतो, म्हणजे आवडीनेच घालतो. काढा त्याला जंगलाबाहेर.

पुन्हा दरबार भरला. सगळे नर लुगडी नेसून, चपला घालून, गंभीर चेहऱ्याने बसले होते. वाघाने पदर सारखा केला.

"जिवबा, खरं सांग. तुला हे आवडतं का?"

जिवबाने कड्याकडे पाहिलं. सगुणाकडे पाहिलं. तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

"नाही महाराज," तो म्हणाला. "अजिबात नाही. पाय दुखतात, पट्टे काचतात, निऱ्या सुटतात. पण तुम्ही सगळे एवढं सोसताय आणि मी एकट्याने सुखात अनवाणी फिरायचं, हे मनाला पटेना."

दरबार गहिवरला. शेषरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. काजळ पसरू नये अशा बेताने त्यांनी ते पदराच्या टोकाने टिपलं. आम्हाला तरी कुठे आवडतं, असं ते म्हणाले आणि सगळ्या नरांनी एकदम सुस्कारा सोडला. जिवबाला मानाचा नारळ देऊन दरबार उठला.

घराकडे जायला गवतातली मऊ पायवाट जवळची होती. तिने कुणीच गेलं नाही. सगळे खडकावरच्या लांबच्या वाटेने गेले. बराच वेळ तिकडून टक टक ऐकू येत होतं.

घरी आल्यावर जिवबाने चपला काढून पुसल्या. कडा राहिला होता, लुगडं राहिलं होतं, चपला राहिल्या होत्या. तरी त्याला उदास वाटत होतं.

"सगुणे, मला आवडतं गं हे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे," सगुणा म्हणाली. "जरा हळू बोला."

तात्पर्य : मुलांनो, अंगावर काय घालावं याची फार काळजी करू नका. जग तेवढं चालवून घेतं. फक्त घातल्यावर चेहऱ्यावर थोडा त्रास दिसू द्या.