गुरुदांचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे सकाळी फुलं आणि सुविचार टाकतात. गुरुदा धुरी गाऱ्हाणं टाकतात.

"बा देवा म्हाराजा, आक्टोपसाक म्हणे तीन काळजा. माणसाक एकच, ताय धड चलना नाय. ह्येचो काय तो इचार कर." खाली लोकांचं "व्हय म्हाराजा", अगदी देवळात म्हणतात तसं. पेट्रोल महागलं, कुठला मंत्री रुसला, चंद्रावर यान गेलं, की गुरुदा हजर. बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून जन्म काढलेला माणूस. कुणी ऐको न ऐको, बोलायची सवय. वाद घातला तर एकच उत्तर, "मी माझा मत सांगलंय. गाडी सुटली."

मी सुमन. तारकर्लीत राहत्या घरातच पर्यटकांना खोल्या देते, आणि मागच्या जन्मीच्या पापामुळे या ग्रुपची ॲडमिन आहे. पाहुण्यांची सुरमई तळू की गुरुदांचा ऑक्टोपस वाचू, असं मला रोज व्हायचं.

पण एक गोष्ट गुरुदा विसरले. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्याकडे धुऱ्यांच्या घराला आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं तर ती गंमत. धुऱ्यांनी लिहिलं तर गावाला ते देवाच्या कानावर घातल्यासारखंच.

गेल्या मोसमात बाबलने पर्यटकांना फिरवायची आपली होडी किनाऱ्याच्या वाटेवर आडवी लावली. गुरुदांनी लिहिलं, "ज्येनी गावाची वाट अडवल्यान, तेची होडी तू अडव म्हाराजा." पोरांनी हसत हसत "व्हय म्हाराजा"ची रांग लावली. दुसऱ्याच दिवशी खाडीच्या तोंडाशी, भर ओहोटीच्या ओढीत, बाबलच्या होडीचं इंजिन बंद पडलं. आत पर्यटक, त्यांची लहान मुलं. दुसरी होडी वेळेवर पोचली म्हणून निभावलं.

बाबल माझ्या घरापुढच्या खळ्यात आला. आरडाओरडा करील असं वाटलं होतं, पण तो हळू आवाजात बोलला.

"सुमनताय, अख्ख्या गावान व्हय म्हटलाहा. आता माका होडी पाण्यात घालूक धीर होना नाय. गुरुदांका ग्रुपातसून काढ. नायतर किनाऱ्याचा एकव घर हेच्यापुढे देवळात येवचा नाय."

तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस. संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावरची निम्मी माणसं ग्रुप सोडून गेली, दुकानात एकमेकांकडे बघेनाशी झाली. मी तणतणत गुरुदांचं घर गाठलं.

"हौस फिटली तुमची?"

"गंमत केलंय गो."

"गंमत तुमची, जीव तेचो. आता तुमका काढल्याशिवाय माका गत्यंतर नाय."

जन्मात शब्द मागे न घेतलेला हा माणूस पायरीवर बसला. "उद्या नारळ ठेवन गाऱ्हाणा मागे घेतंय. सगळ्यांसमोर बाबलाची माफी मागतंय. पण ग्रुपातसून काढू नको."

"चार दिवस गप रवलात तर काय बिघाडता?"

त्यांनी फोन काढला, सकाळच्या आपल्याच मेसेजवर बोट दाबून धरलं. कुणी कुणी वाचलं त्याची नावं आली. त्यातल्या एका नावावर त्यांनी बोट ठेवलं. प्रशांत. त्यांचा एकुलता एक मुलगा, आखातात असतो. आईच्या आजारपणात बापाशी भांडून गेला, तो परत बोललेला नाही.

"माझो फोन ब्लॉक केल्यान. पण ग्रुपार टाकलेला वाचता. वाचल्यान म्हणजे बरो आसा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोज नवीन कायतरी सोदूचा लागता गो. तोच तोच कोण वाचतलो?"

इतके दिवस ज्याला मी वटवट म्हणत होते, ती या माणसाची खुशाली विचारायची रीत होती. रागावून आले होते, त्यांच्याजवळ पायरीवर बसून राहिले.

बाबलला समजावायला फार वेळ लागला नाही. "गाऱ्हाणा मागे घेतल्यानी तर माझा भांडाण नाय," म्हणाला.

सकाळी देवळात सगळी वाडी जमली. किनाऱ्यावरची माणसं एका बाजूला, बाकीची दुसऱ्या. बाबल नारळ घेऊन गाभाऱ्यासमोर उभा. गुरुदा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मला बाजूला घेतलं.

"व्हिडिओ काढ. ग्रुपार टाक." केसांवरून हात फिरवला. "मी बारीक झाल्यासारखो दिसतंय काय गो?"

गळ्याशी शर्ट सैल लोंबत होता. मी म्हटलं, "नाय हो. चांगले दिसतास."

त्यांनी वरचं बटण लावलं. "मगे घे आता."