ओट्याची व्याख्या

माणसांची उंची वेगवेगळी असते, ओट्याची मात्र ठरलेली असते. यालाच सुव्यवस्था म्हणतात.

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा शहाऐंशी सेंटिमीटर उंच आहे आणि सासूबाई एकशे बेचाळीस. त्यामुळे पातेल्यात काय चालले आहे हे त्यांना दिसत नाही, ऐकू येते. (अचूकता ऐंशी टक्के. उरलेले वीस टक्के आम्ही खातो.) मागच्या महिन्यात उकळते पाणी त्यांच्या हातावर आले, तेव्हा ओटा चौदा सेंटिमीटर खाली घ्यायचे ठरले. मी रीतसर परवानगी मागितली. आजारी माणसाकडे बघावे तसे गवंड्याने माझ्याकडे बघितले.

बांधकाम खात्याची नियमावली अत्यंत काळजीपूर्वक लिहिलेली आहे. तीत ओट्याची व्याख्या अशी : ‘घराबाहेर, दारालगत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना टेकण्यासाठी केलेली उंच जागा.’ दुसरा कुठलाही ओटा तिला ठाऊक नाही. (व्याख्या करणाऱ्या समितीत अकरा पुरुष होते, हा योगायोग.)

निरीक्षक आले. त्यांनी टेप लावली. ओटा रस्त्यापासून नऊ मीटर आत भरला.

“बाई, ओटा आत कशाला घेतलात?” त्यांनी हळहळून विचारले.

ओटा बाहेरच असतो. सबब जिथे ओटा आहे ती जागा बाहेर आहे. तर्कात मला चूक सापडली नाही. आमचे स्वयंपाकघर ‘बाहेर’ म्हणून नोंदले गेले, त्याचे दार काढण्यात आले आणि येणारे-जाणारे टेकू लागले. रोज सरासरी साडेचार माणसे. (अर्धा म्हणजे पोस्टमन; तो एकच मांडी टेकतो.) एक निवृत्त मास्तर शेगडीशेजारी पेपर वाचतात.

“मास्तर, बसलाच आहात तर डोकावून सांगा, करपतंय का?” सासूबाई म्हणाल्या. अचूकता अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेली.

पण मास्तर रविवारी येत नाहीत. गेल्या रविवारी सासूबाईंचा दुसरा हातही भाजला.

परवानगी आता तयार आहे. अट एकच : अर्जदाराने घराच्या आत असलेल्या आणखी एका ओट्याची माहिती खात्याला द्यावी.

“अगं, कुणाला अडकवणार?” सासूबाईंनी विचारले.

शेजाऱ्यांशी रोजचा संबंध येतो. नातेवाईक बोलून दाखवतात. उरलात हे वाचणारे तुम्ही.

निरीक्षक मंगळवारी येतील. ओटा पुसून ठेवा, ते बसून लिहितात.