जगदेवरावांचं जवाचं औषध

"आक्कासाहेब, ते जव दळू नका!" असं ओरडत जगदेवराव माजघरात शिरले, पण फार उशीर झाला होता. गच्चीवर वाळत घातलेले मोड आलेले जव जात्यातून निघून तुपात भाजले गेले होते आणि त्यांचे लाडू वळले जात होते.

"वाया जात होते म्हणून केले," त्यांच्या थोरल्या बहीण यमुनाबाई म्हणाल्या. "घे, खा."

धारचे हे जहागीरदार मांडवच्या रानात बिबट्यासमोर उभे राहत, पण आक्कासाहेबांसमोर त्यांची मान खाली जाई. त्यांनी निमूटपणे लाडू खाल्ला.

जव घोड्याचे नव्हते, व्हिस्कीचे होते. महूच्या छावणीत पुलांचं काम पाहणारा मॅकीसाहेब, जगदेवरावांनी घरीच जवाची व्हिस्की करायच्या गप्पा मारताच, सगळ्यांदेखत म्हणाला होता, "जगदेवराव, जव तो आपका घोड़ा खाता है! व्हिस्की बनाना खेल नहीं!" ज्यांना हिंदी कळत नव्हतं तेसुद्धा हसले. जगदेवराव ताडकन उठले. "पुढच्या होळीला शिकारीला या. घरची व्हिस्की पाजतो. नाही जमली, तर माझा पांढरा घोडा मोती तुमचा!"

मोती म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आता माघार नव्हती.

पुढचा घाणा त्यांनी बागेपलीकडच्या खोपटात, आक्कासाहेबांच्या नजरेआड घातला. मदतीला मोहाची दारू गाळणारा भेरू कलाल होता. "हुकुम, महुवो होय तो आँख मींच ने काढ दूँ," तो डोकं खाजवत म्हणाला, "पण यो घोड़ा को दाणो..."

"मोड आले की दाणा गोड होतो रे! धुरावर वाळवायचा, भरडायचा, गरम पाण्यात घोळायचा. ते गोड पाणी फसफसलं की मग तुझी भट्टी."

एक घाणा धुरावर करपला. एक इतका आंबला की भेरूची म्हैससुद्धा तोंड फिरवून गेली. शेवटी एकदाचे नळीतून स्वच्छ थेंब पडू लागले. दोनदा गाळलेली ती धार जगदेवरावांनी महूहून आणलेल्या लाकडी पिपात भरली आणि मुरायला कोठीत ठेवली.

तिथे आक्कासाहेबांना वास आला.

"हे काय रे, जगदेवा?"

"औषध," जगदेवराव म्हणाले.

"कशाचं?"

आक्कासाहेब गुडघा चोळत उभ्या होत्या. जगदेवरावांना तेवढंच सुचलं. "गुडघ्यांचं."

थंडी सरता सरता ते जहागिरीतल्या गावांच्या कामाला माळव्यातल्या राजगडकडे गेले. होळीच्या तोंडावर परतले तर ओटीवर गल्लीतल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या पाय पसरून बसलेल्या, आणि घरभर ओळखीचा घमघमाट!

"अरे, काय गुणाचं औषध रे तुझं!" आक्कासाहेब म्हणाल्या. "चोळलं की ऊब येते. मोरोपंतांची आई बघ, बिनकाठीची जिना चढली!"

जगदेवराव कोठीत धावले. पीप वाजवून पाहिलं तर ढोलासारखं घुमलं. सगळं मिळून एक वाटी निघाली. तीच त्यांनी झाकून ठेवली. साहेबाला घोटभर पुरली असती.

साहेब आला, पण दोघांच्या खांद्यांवर. नाल्यात घोडा घसरला होता आणि गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. मागोमाग छावणीतले पाहुणे. जगदेवराव वाटी पेल्यात ओतणार, तोच आक्कासाहेबांनी ती हिसकावली.

"वेडा की काय तू? हे पोटात घ्यायचं नसतं!"

"आक्कासाहेब, अहो, ऐका तरी..."

"पाहुण्याला मारतोस काय?" म्हणत त्यांनी अख्खी वाटी साहेबाच्या गुडघ्यावर रिती केली आणि खसाखसा चोळायला सुरुवात केली. जगदेवरावांनी डोळे मिटले. त्यांना महूच्या वाटेने जाणारा मोती दिसू लागला.

साहेब कण्हायचा थांबला. त्याने नाक फुलवलं. मग वाकून गुडघ्यावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. सगळे पाहतच राहिले. त्याने पुन्हा बोट फिरवलं.

"जगदेवराव," तो हळूच म्हणाला, "यह किसने बनाया?"

"मैंने! घोड़े के जव से!"

पायाचं दुखणं विसरून साहेब उठला आणि त्याने जगदेवरावांचा हात दोन्ही हातांत धरला. "मैं हार गया!" तो पाहुण्यांकडे वळून गरजला. "असली व्हिस्की है!" टाळ्यांचा कडकडाट झाला. जगदेवरावांच्या मिशा आपोआप वर गेल्या. बाहेर होळीचे डफ वाजू लागले आणि भेरू कलालाला पोरांनी खांद्यावर घेतलं. सरदारालाही क्वचितच मिळावा असा तो मान होता.

त्या गलक्यात आक्कासाहेबांनी रिकामी वाटी नाकाशी नेली.

"जगदेवा, म्हणजे ही दारू होती?"

जगदेवरावांच्या मिशा खाली आल्या. ओटीवरच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मोरोपंतांच्या आईने पाय पदराखाली ओढून घेतले.

तेवढ्यात साहेबाने विजारीचा दुसरा पाय गुडघ्याच्या वर सरकवला. "आक्कासाहब," तो गरिबासारखं तोंड करून म्हणाला, "अब दूसरा घुटना भी दुखता है."

आक्कासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्यांकडे, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"औषध संपलं," त्या म्हणाल्या आणि भावाकडे वळल्या. "उद्या जव भिजत घाल. आणि जगदेवा, पीप मोठं आण."