दोरीवरचे नवस

वार्दुश सकाळी अंगणात आली तेव्हा तिच्या कपड्यांच्या दोरीवर अख्ख्या गावाचे नवस वाळत घातलेले होते.

टेकडीवरच्या छोट्या चर्चशेजारी एक जुनं झाड आहे. मनात काही धरायचं, अंगावरच्या किंवा घरातल्या कापडाची चिंधी त्या झाडाला बांधायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही. हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. शाहेनला नव्हतं.

शाहेन फ्रान्समधल्या लियॉंहून आला होता. परदेशात वाढलेल्या आर्मेनियन पोरांना पूर्वजांच्या मायभूमीची सेवा करायला पाठवणाऱ्या एका संस्थेनं त्याला उन्हाळ्यापुरतं वार्दुशच्या घरी उतरवलं होतं. अंगात संस्थेचा नारिंगी सदरा, त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘मी परत आलोय’. ‘पण हा गेला कधी होता?’ असं वार्दुशनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पोरगा उठल्यापासून सेवा करत असे. जर्दाळूच्या झाडाला मिठ्या मारून झाल्या, गाईला पणजोबांची हकीकत सांगून झाली. गाईनं ती निमूटपणे ऐकली, कारण ती बांधलेली होती. त्यातल्या त्यात एक बरं होतं, की जेवण झालं की तो न सांगता भांडी घासायचा.

“सुप्रभात, आजी!” चिमटे लावता लावता शाहेन म्हणाला. “टेकडीवरच्या त्या झाडात केवढा कचरा अडकला होता! मी सगळा काढला. साबणाने स्वच्छ धुतला. आता यातून आपण पिशव्या शिवणार आहोत.”

“धुतलास?” वार्दुशनं डोक्याला हात लावला. “मेल्या, साबणानं?”

“नैसर्गिक साबण आहे, आजी.”

वार्दुश त्याला ढकलून दोरीकडे धावली. तिला निळ्या चौकटीची चिंधी हवी होती. तिचा मुलगा गागिक बांधकामाच्या कामाला रशियात रस्तोव्हला गेला, त्याला किती तरी वर्षं झाली होती. आधी फोन यायचे, मग सणासुदीलाच यायचे, मग सणही फोनाविना जायला लागले. त्यानं मागं टाकलेल्या सदऱ्याची पट्टी फाडून तिनं झाडाला बांधली होती आणि दर वसंतात गुडघे चोळत वर जाऊन ती आहे ना, एवढं पाहून यायची. दोरीवर ती कुठंच नव्हती.

तेवढ्यात शेजारची नोयेम कुंपणावरून डोकावली. “काय गं, चिंध्यांचं दुकान काढलंस की काय?” म्हणता म्हणता तिचे डोळे विस्फारले. “अगं बाई, हा माझ्या माजघरातला पडदा! कोणत्या बयेनं कापला?”

आरडाओरडा ऐकून लोक जमले. वार्दुशच्या फाटकापाशी उभी असलेली नोयेमची जाऊ पडदा दिसताच घाईनं घरी निघून गेली. गावचा मुखिया हरांत सगळ्यांना शांत करायला आला, पण त्याची सासू त्याच्या आधी पोचली होती आणि हातात एक तुकडा धरून उभी होती.

“हरांत, हा माझ्या झग्याचा तुकडा. याला बांधून काय मागितलंस रे?”

“तुमचं आयुष्य, आई.”

“म्हणूनच मी हिवाळाभर अंथरुणाला खिळले होते होय!”

लोक खो खो हसले. पण पुढची चिंधी कुणाची निघेल याचा प्रत्येकाला घोर होता, त्यामुळे कोणी आपली म्हणून एकही उचलेना. शाहेनचं मात्र भान हरपलं होतं. मोबाइल उंच धरून तो जगभरच्या मित्रांना थेट दाखवत होता, “पाहा, ही आपली जिवंत परंपरा!”

मोबाइल धरलेल्या त्या मनगटावर वार्दुशला निळी चौकट दिसली.

“हे काय बांधलंयस?”

“ही सर्वांत जुनी वाटली, आजी. माझी मुळं म्हणून ठेवली.”

“तुझी मुळं? माझ्या गागिकचा सदरा आहे तो!” वार्दुशनं त्याचा हात मोबाइलसकट ओढला. मग जे इतकी वर्षं मनात साठलं होतं ते सगळं बाहेर पडलं. “नऊ महिने पोटात वागवला, आणि आता आई जगली का मेली विचारत नाही! एवढी एक चिंधी झाडाला धरून होती, तीही सोडलीस! अरे गागिक, निर्लज्जा, तुला आई आहे की नाही?”

ती ढसाढसा रडली. लोक खाली मान घालून पांगले. दुपारपर्यंत दोरी आपोआप रिकामी झाली, कोण काय घेऊन गेलं ते कुणीच पाहिलं नाही.

मोबाइलवरचं ते रडणं संध्याकाळपर्यंत रस्तोव्हला पोचलं. गागिक जिथं जाईल तिथं त्याला हाक येऊ लागली, “काय रे निर्लज्जा, तुझी चिंधी सुटली म्हणे!” आठवडाभरात तो घरी हजर झाला.

“नाक कापलंस माझं, आई,” दारातूनच तो म्हणाला. वार्दुशनं त्याच्या गळ्यात पडून अंगण ओलं केलं आणि कोंबडा कापला.

गागिकनं शाहेनची खोली घेतली. शाहेन ओसरीवर आला. दुपारपर्यंत झोपून गागिक उठायचा, लवाशची रोटी जाड झालीय म्हणायचा, ताक आंबट आहे म्हणायचा, आणि पाटावर पाय पसरून हुकूम सोडायचा, “आई, तुझ्या त्या फ्रेंच मोलकरणीला कॉफी आणायला सांग.” शाहेन मायभूमीची सेवा समजून कॉफी आणायचा. भांडीही तोच घासायचा. वार्दुश दोघांकडे पाहत बसायची.

उन्हाळा संपला. शाहेन गाईच्या गळ्यात पडून रडला आणि गेला. बॅग भरताना त्याच्या नारिंगी सदऱ्याची एक बाही नव्हती. मायभूमीत झीज होतेच, असं त्यानं मनाचं समाधान करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नोयेम टेकडीवर गेली (कशाला, ते तिनं सांगितलं नाही), तर तिथं वार्दुश टाचा उंचावून झाडाला काही तरी भडक नारिंगी बांधत होती.

“अगं, आला ना तुझा गागिक! आता आणखी काय मागतेस?”

वार्दुशनं दातांनी गाठ घट्ट आवळली.

“मुलगा मागून झाला,” ती म्हणाली. “आता भांडी घासणारा मागतेय.”